कॅनरीला खुडूक बसू द्या

वाचकाचं पत्र: "जानेवारीत आम्ही कोल्हापूरहून कॅनरीची जोडी आणली. पिंजरा बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला टांगलेला असतो. महिन्याभरात मादी अंडी घालू लागली. सासूबाई म्हणाल्या, कोंबडीची उचलतो तशी हिचीही रोज उचल. मी उचलत गेले. होळीपर्यंत १७ अंडी झाली. शेवटची दोन नुसत्या पातळ सालीची होती, एक तर हातात घेताच फुटलं. त्या दिवशी ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली होती, संध्याकाळी अंडं पडल्यावर सावरली. आता घरट्याच्या वाटीत पुन्हा दोन अंडी आहेत, ती मी उचललेली नाहीत. नर दिवसभर गातो आणि तिच्या मागे लागतो. ती गोधडीचे दोरे ओढून नेते, एकदा एक दोरा पायाला गुंडाळला गेला. माझ्या मुलीला पिल्लं हवी आहेत. काय करू?" (देवगड)

ताई, ती दोन अंडी उचलली नाहीत हे फार चांगलं केलंत. पिल्लांचं आपण नंतर बघू, आधी या मादीला वाचवायला हवं. पाच-सहा आठवड्यांत १७ अंडी म्हणजे जिवावर बेतणारी गोष्ट आहे, आणि पातळ सालीचं अंडं पडलं याचा अर्थ तिच्या अंगातला साठा संपत आला आहे.

सासूबाईंनी सांगितलं ते कोंबडीच्या अनुभवावरून, आणि तो अनुभव खोटा नाही. पण त्यातली दुसरी बाजूही त्यांना नक्की ठाऊक असणार. अंडी हवी असतात तेव्हा आपण टोपलीत एखादं अंडं ठेवून बाकीची उचलतो, म्हणजे कोंबडी घालत राहते. पिल्लं काढायची असतात तेव्हा अंडी साठू देतो. मग ती खुडूक होते, पिसं फुलवून बसून राहते, जवळ गेलं तर टोचते, आणि अंडी घालायची थांबते. आपल्याकडे "रवणाक बसली" म्हणतात ती हीच. कॅनरीच्या अंगातही असंच चालतं. पोटाच्या उघड्या कातडीला खाली चार-पाच अंडी लागली की शरीर घालणं थांबवतं आणि उबवायला लागतं. तुमच्या मादीला रोज सकाळी वाटी रिकामी मिळाली. मग ती दुसरं काय करणार, घालत राहिली.

कोंबडीला हे झेपतं, कॅनरीला नाही, कारण दोघींचं माप वेगळं. गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची आणि तिचं अंडं ४० ग्रॅमच्या आसपास. कॅनरी २० ग्रॅमची आणि तिचं अंडं जवळजवळ २ ग्रॅमचं, म्हणजे तिच्या वजनाचा दहावा हिस्सा. १७ अंडी म्हणजे ३४ ग्रॅम. तुमच्या मादीने दीड महिन्यात स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पट ऐवज अंगातून बाहेर काढला आहे.

यात सगळ्यात महाग पडतं ते कवच. अंडं पोटात साधारण एक दिवस असतं, आणि त्यातले बरेच तास नुसतं कवच चढण्यात जातात. त्यासाठी लागणारं कॅल्शियम तेवढ्या वेळात खाण्यातून मिळालं नाही तर ते हाडांतून काढलं जातं. अंडी घालण्याआधी मादी पक्ष्याच्या पोकळ हाडांत यासाठीच एक वेगळा, स्पंजासारखा साठा तयार होतो. तो संपला की आधी कवच पातळ होतं, मग साल उरते. आणि अंडं बाहेर ढकलायला स्नायूंना जो जोर लागतो तोही कॅल्शियमवरच चालतो. म्हणून साठा संपलेल्या मादीचं अंडं अडकतं. त्या दिवशी ती तळाशी फुगून बसली होती ना, ती याच उंबरठ्यावरून परत आली.

माझी पहिली मादी परत आली नाही. पिवळीधमक होती. पौषातल्या एका थंड पहाटे पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली सापडली. हातात घेतली तेव्हा पोटातलं अंडं बोटांना लागत होतं. मीही तिची अंडी उचलत आलो होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तुमचं पत्र वाचताना तो हाताला लागलेला गोळा पुन्हा आठवला, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आता लगेच काय करायचं ते सांगतो. वाटीतली दोन अंडी काढा, पण त्यांच्या जागी खोटी अंडी ठेवा. पक्ष्यांच्या दुकानात प्लास्टिकची मिळतात. तोवर मण्यांच्या दुकानातून १८ मिलिमीटर लांबीचे, लांबट गोल पांढरे प्लास्टिकचे मणी आणले तरी चालतील. आणखी एक-दोन अंडी पडली तर तीही अशीच बदलायची. चार खोटी अंडी झाली की हात लावायचा नाही. ती बसेल. तिला बसू द्या. कॅनरीची अंडी १३-१४ दिवसांत फुटतात. त्याहून काही दिवस जास्त बसून ती आपणच कंटाळून उठेल. ती उठली, वाटीकडे बघेनाशी झाली, की मगच वाटी, काथ्या, कागदाचे कपटे, सगळं पिंजऱ्याबाहेर काढा. त्याआधी दया येऊन घरटं काढलंत तर ती दाण्याच्या भांड्यात अंडी घालू लागेल.

खरी अंडी उबू द्यावीत, दोन पिल्लं तरी मिळतील, असं मुलगी म्हणेल. या खेपेला नको. पिल्लांना भरवणं हे घालण्याइतकंच थकवणारं काम आहे, आणि ते ऐन उकाड्यात येईल.

ती थांबत का नव्हती याचं दुसरं कारण तुमच्या पत्रातच आहे: टीव्ही. कॅनरी मूळची अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवरची, तसंच मदेरा आणि अझोर्सची. बेटांच्याच नावावरून तिचं नाव पडलं. दिवस मोठा होत गेला की विणीचा काळ आला, असं ती ओळखते. कॅनरीची पिल्लं काढणारे लोक १३-१४ तास उजेड देतात तो यासाठीच. आपल्या देवगडला जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा १३ तासांच्या आसपास असतो, मार्चमधला तर १२ तासांचा. पण रात्री अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही चालू असेल तर तिचा दिवस १६-१७ तासांचा झाला. तिच्या हिशेबी घरात अखंड वीण चालू आहे.

ती बसलेली असताना पिंजरा हलवू नका, बिचकून उठेल. तोवर दिवेलागणीला पिंजऱ्यावर तीन बाजूंनी जाड सुती कापड टाका आणि टीव्ही जमला तर आतल्या खोलीत न्या. ती उठली की पिंजरा शांत, हवेशीर खोलीत हलवा आणि दिवसाचा उजेड १०-११ तासांवर आणा. दिवा मात्र एकदम घालवू नका. वाटीबाहेर असलेली मादी मिट्ट काळोखात वाटीत परतू शकत नाही, धडपडते. लाईट जाणं आपल्याकडे नवीन नाही, तेव्हा खोलीत बॅटरीवरचा एखादा मंद दिवा असू द्या.

नराला आजच वेगळ्या पिंजऱ्यात काढा. चोचीत चोच घालून तो तिला भरवत असेल तर ते प्रेमाचं लक्षण, पण पाठीमागे लागून पिसं उपटत असेल तर तिला क्षणाची विश्रांती नाही. आणि नुसतं वेगळं ठेवून भागत नाही, शक्य असेल तर त्याचं गाणं तिच्या कानावर पडणार नाही इतकं लांब, घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. डोनाल्ड क्रूड्समा या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये कॅनरीच्या माद्यांना नराच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवून पाहिलं. ज्यांना जास्त वैविध्याचं गाणं ऐकवलं त्यांनी घरटं लवकर बांधलं आणि अंडीही जास्त घातली. तुमचा नर चांगला गवई दिसतो, आणि त्याचं ते दिवसभराचं गाणं तिला अंडी घालायलाच सांगत असतं.

आता अंडं अडकलं तर काय करायचं. हे वाचून ठेवा, कारण ते होतं तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. ती फुगून तळाशी किंवा वाटीत बसली आहे, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट श्वासागणिक खालीवर होते, जोर करते पण काही येत नाही, खालचा भाग फुगलाय, ही लक्षणं. एक चपलांचा खोका घ्या, तळाशी फडकं, एका कडेला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. आत साधारण ३० अंश ऊब हवी. एलईडी दिवा ऊब देत नाही, जुना तारेचा ४० वॉटचा बल्ब असेल तर तो खोक्याच्या बाहेरून एका बाजूला लावा. दुसरी बाजू थंड राहू द्या, म्हणजे तिला सरकता येईल. चोच उघडी टाकून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली. खोक्यात ओल्या फडक्याची वाटी ठेवा, दमट ऊब जास्त उपयोगी पडते. मग झाकण अर्धं लावून काळोखात, शांत सोडा. पोट दाबायचं नाही. अंडं सुईने फोडायचं नाही. तेलाचा थेंब चोचीत सोडायचा तर मुळीच नाही, तो श्वासनळीत गेला तर अंड्याच्या आधी तोच जीव घेईल. दोन-तीन तासांत अंडं पडलं नाही तर तिला पशुवैद्याकडे न्यायचंच, कॅल्शियमचं इंजेक्शन लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशीच येतात. म्हणून आजच फोन करून विचारून ठेवा, एवढ्या लहान पक्ष्याला कोण बघतं. तिथे नसेल तर कणकवली, रत्नागिरी, कोल्हापूर असं विचारत जा, पण नाव आणि वेळ लिहून दाराला लावा.

कॅल्शियमसाठी तुम्हाला लांब जायला नको. समुद्रकिनारी राहण्याचा हा एक मोठा फायदा. वाळूत पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वडी सापडते, ते समुद्रफेन. म्हाकूलाच्या जातीच्या एका जीवाच्या पाठीतलं ते हाड. बाजारात पक्ष्यांसाठी विकत मिळतं तेही हेच. किनाऱ्यावरचं आणलंत तर तेलकट डाग किंवा कुबट वास असलेलं टाकून द्या. बाकीचं गोड्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, रोज पाणी बदला, म्हणजे मीठ निघून जाईल. मग दहा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवा. मऊ बाजू तिच्याकडे करून तारेने दांडीजवळ बांधा. मऊ बाजू ती चोचीने खरवडते, कडक बाजू तिला फुटत नाही. कोंबडीच्या अंड्याचं कवचही चालतं, पण ते दहा मिनिटं उकळून, वाळवून, रव्याएवढं कुटून. अंडी घालणं थांबलं तरी समुद्रफेन काढू नका. हाडांत पुन्हा साठा व्हायला वेळ लागतो.

पण नुसतं कॅल्शियम पोटात जाऊन भागत नाही. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते उन्हातून मिळतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी निरुपयोगी, काच तेवढाच भाग अडवते. सकाळी पडवीत वीस मिनिटं पिंजरा ठेवा, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत, आणि तुम्ही स्वतः शेजारी बसा. कावळा आणि भारद्वाज दोघंही पिंजऱ्यातल्या लहान पक्ष्यावर टपून असतात. ती वाटीत बसली असेल तेवढे दिवस हे राहू द्या, उठल्यावर सुरू करा. आणि सध्या आंब्याचे दिवस आहेत. शेजारच्या कलमांवर फवारणी असेल त्या दिवशी पिंजरा बाहेर काढायचा नाही, आणि कलमांखालचा हिरवा पाला तर तिला कधीच द्यायचा नाही.

खाण्यात सध्या राळा, कॅनरी सीड नावाचं गवताचं बी आणि चिमूटभर कारळे एवढंच ठेवा. कारळ्यात तेल भरपूर असतं, जास्त झालं तर चरबी चढते आणि चरबी चढलेल्या मादीचं अंडं अडकतं. शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर धुऊन दिवसाआड. पालक आणि लाल माठ रोज नको, त्यातल्या काही घटकांमुळे कॅल्शियम अंगाला लागत नाही. उकडलेलं अंडं कुस्करून देण्याची पद्धत तुम्ही वाचली असेल. ती पिल्लांच्या वेळची, आता दिलंत तर पुन्हा विणीला बळ येईल.

गोधडीच्या दोऱ्यांचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मला त्याची धास्ती वाटते. असा दोरा पायाला आवळला की रक्त थांबतं, आणि काही दिवसांत बोट काळं पडून गळतं. उद्या उजेडात तिचे दोन्ही पाय नीट बघा. केसाएवढा धागाही राहिला असेल तर कोमट पाण्याने ओला करा आणि नखं कापायच्या लहान कात्रीने सोडवा, ओढू नका. यापुढे घरटं करायला द्यायचं ते आपल्या नारळाच्या सोडणातला काथ्या, धुऊन, वाळवून, दोन इंचांहून लांब नाही असा कापलेला. शेवटच्या अस्तरासाठी जुन्या गोणपाटाचे तेवढेच आखूड धागे. कापूस नको, तो नखांत अडकतो. वाटीसाठी मोठ्या नारळाची अर्धी करवंटी उत्तम, चार इंच रुंदीची. तळाला दोन भोकं पाडा आणि आतून गोणपाट किंवा जाड कापड शिवून घ्या. गुळगुळीत करवंटीत पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि ते पुढे सरळ होत नाहीत.

आता मुलीच्या पिल्लांविषयी. तिला सांगा, दिवाळीनंतर. पाऊस जाऊ द्या, दोन्ही पक्ष्यांची जुनी पिसं झडून नवी येऊ द्या, हवेत थोडा गारवा येऊ द्या. तेव्हाही वर्षाला दोनच खेपा, तिसरी नाही. जोडीतले दोघंही डोक्यावर तुरा असलेले असतील तर मात्र एकत्र ठेवू नका. तशा जोडीची सरासरी चौथाई पिल्लं जगत नाहीत. नर आधी जाळीपलीकडे ठेवा, चोचीने भरवू लागला की मग एकत्र करा. उजेड रोज थोडाथोडा वाढवत न्या. अंडं रोज सकाळी पडतं. ते उचलायचं, पण जागी खोटं ठेवायचं, आणि खरं कोरड्या धान्याच्या वाटीत सावलीला ठेवून दिवसातून दोनदा हलकेच उलटायचं. चौथं अंडं पडलं की चारही एकदम तिच्याखाली. असं केलं की पिल्लं एकाच दिवशी निघतात, नाहीतर पहिलं मोठं होऊन शेवटच्याला चिरडतं. सहा-सात दिवसांनी काळोखात टॉर्चवर धरून बघा, लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत आहे.

पिल्लं निघाली की तेव्हा ते उकडलेलं अंडं. बारीक कुस्करून, टोस्टच्या चुऱ्यात मिसळून, थोडं थोडं. आपल्या हवेत ते दीड-दोन तासांत आंबतं, म्हणून दिवसातून चार-पाचदा ताजं द्या आणि उरलेलं निष्ठुरपणे टाकून द्या. खराब अंड्याने पिल्लांना हगवण लागते आणि आईचं पोट ओलंचिंब होतं. १६-१८ दिवसांत पिल्लं वाटीबाहेर येतात, महिन्याची झाली की आपलं आपण खातात. पिल्लं वाटीबाहेर येतात त्याच सुमारास आईला दुसरं घरटं करावंसं वाटतं आणि ती पिल्लांचीच पिसं उपटू लागते. तेव्हा दुसरी करवंटी आणि काथ्या तयार ठेवला तर पिल्लं वाचतात.

पिंजरा टेबलावर ठेवणार असाल तर टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्या एका रात्रीत घरटं रिकामं करतात. डासांतून कॅनरीला देवीसारखा रोग होतो, म्हणून संध्याकाळी बारीक जाळी, आणि त्या खोलीत डासांची कॉइल लावू नका, तो धूर पक्ष्यांच्या फुप्फुसांना फार बाधतो. रात्री पिंजऱ्याखाली पांढरा कागद पसरून सकाळी बघा. लाल ठिपके चालताना दिसले तर त्या गोचिडीच्या जातीच्या किडी आहेत, रात्री रक्त पितात आणि दिवसा फटीत लपतात. पक्षी दुसरीकडे काढून पिंजरा उकळत्या पाण्याने, एकेक सांधा धरून धुवा. पावसात दाणा हवाबंद डब्यात ठेवा. बुरशीचा वास आलेला एक दाणाही देऊ नका.

मुलीला तोवर एक काम द्या. स्वयंपाकघरातला लहान डिजिटल काटा असेल तर मादी बसून उठल्यानंतर दर रविवारी एका झाकणाच्या डबीत तिला अलगद ठेवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. डबीचं वजन आधी वजा करायचं, आणि डबीला हवा जायला भोकं पाडायची. वजन दोन आठवडे सलग उतरत गेलं तर मला कळवा. आणि त्याआधी, येत्या आठवड्यात ती खोट्या अंड्यांवर बसली की नाही, हे आवर्जून लिहा.